चुडामण आबांच्या कानाची मशीन

मित्रांनो, कागदावर माझं नाव श्रवणयंत्र. पण आमच्या यावलकडे एवढं लांब नाव घेऊन कुणी हाक मारत नाही. तिथे मी कानाची मशीन. भुईमुगाच्या शेंगेएवढी, शेंगेच्याच रंगाची आणि तशीच पाठीत थोडी वाकलेली. आता जुनी झाले आहे. कानामागे बसायचं, बाहेरचा आवाज गोळा करायचा, मोठा करायचा आणि नळीतून आत सोडायचा, एवढंच माझं काम. मला कान आहे, तोंड नाही. ऐकलेलं मी आत पोचवते, बाहेर कुणाला सांगू शकत नाही. माझा स्वतःचा म्हणाल तर एकच आवाज. मी चालू असताना मला कानातून काढून मुठीत धरलं, की बारीक, लांबलचक शिट्टी निघते. तीही मी मारते असं नाही. उचकी लागावी तशी ती आपोआप लागते.

माझा जन्म कारखान्यात झाला, पण तिथलं मला काही आठवत नाही. आठवतं ते जळगावचं दुकान. तिथे काचेखाली पडलेली असताना एके दिवशी चुडामण आबा आले. केळीवाले शेतकरी. उंच, कमी बोलणारे. तरुणपणी विहिरीवरच्या डिझेल इंजिनाशेजारी बसून बसून त्यांचे कान गेले होते. दुकानातल्या माणसाने त्यांच्या कानात मऊ गुलाबी लगदा भरला आणि तो घट्ट झाल्यावर त्याबरहुकूम एक पारदर्शक साचा केला. साचा म्हणजे काय? आबांच्या कानाची आतली बाजू, उलटी करून हातात दिलेली. तो माझ्या नळीच्या टोकाला बसला आणि मी जगातल्या एकाच माणसाची झाले.

घरी आल्यावर आबांनी माझ्यातून पहिला आवाज ऐकला तो फोडणीचा. चुलीपुढे यशोदाबाई होत्या, त्यांच्या पत्नी. आबा दारात थांबले आणि म्हणाले, "किरणची माय, तुह्या बांगड्या वाजतात वं!" इतकी वर्षं त्या मुक्याच होत्या त्यांच्यासाठी. किरण म्हणजे त्यांचा मुलगा, पुण्याला नोकरीला. गल्ली मला बघायला आली. कुणी आबांच्या पाठीमागे जाऊन हळूच "चहा घ्या" म्हणायचं, आबा वळून "आण" म्हणायचे आणि सगळे हसायचे. ते माझे कौतुकाचे दिवस.

माझ्या पाठीवर दोन गोष्टी आहेत, त्या नीट ध्यानात ठेवा. एक मोहरीएवढं बटण, चालू आणि बंद. दुसरं आवाजाचं चाक, तांदळाच्या दाण्याएवढं. त्यावर एक ते चार आकडे. केळीचा चीक तुम्हाला ठाऊक असेल. कपड्याला लागला तर कपडा फाटेल पण डाग जाणार नाही. आबांचा हात सदा त्या चिकाचा. तो माझ्या चाकात उतरला आणि चाक असं घट्ट झालं, की आबांच्या अंगठ्याच्या वाढवलेल्या नखाशिवाय कुणाच्या बापाला हलेना. घरात ते मला दोनवर ठेवत. चारवर नेत ते फक्त एखादी गोष्ट जिवापाड ऐकायची असेल तेव्हाच, म्हणजे किरणचा फोन आला, की.

आणि बटण? ते भांडणासाठी. यशोदाबाईंचा पट्टा सुरू झाला, की आबा शांतपणे कानामागे हात न्यायचे. टक्. मी बंद.

"गेली लाइट!" यशोदाबाई हात झटकून म्हणायच्या. "आता भिताडाशी बोला!"

घरात हसू व्हायचं. मी अंधारात बसून राहायचे. थोड्या वेळाने पुन्हा टक् व्हायचं आणि फोडणीचा आवाज यायचा.

मागल्या हिवाळ्यात आबांच्या मळ्यात भरीत पार्टी होती. तुरकाट्यांच्या जाळावर वांगी भाजलेली, पुऱ्या तळल्या जात होत्या, पाहुणे केळीच्या पानांवर बसलेले. यशोदाबाईंनी आबांना मीठ मागितलं. एकदा, दोनदा. वाऱ्याने केळीची पानं फडफडत होती. माझ्यातून नुसती फडफड आत जात होती, त्यात मीठ कुठलं ऐकू येणार? तिसऱ्यांदा यशोदाबाई सगळ्यांदेखत बोलून गेल्या, "या बहिऱ्यापुढे बोलता बोलता माहा जलम गेला!"

नेमका तेव्हाच वारा पडला होता. ते वाक्य जसंच्या तसं माझ्यातून गेलं. मी काय करणार? आलेलं पोचवणं हेच माझं काम.

आबांनी कानामागे हात नेला. टक्. या वेळी कुणी हसलं नाही.

त्यानंतर अबोला. ताट वाढलं जाई, ताट उचललं जाई. आबा दिवसभर मला बंदच ठेवत, आणि यशोदाबाईंना ते कळत होतं. मग एका सकाळी मळ्यात निघताना, का कोण जाणे, आबांनी दाराबाहेर पाऊल टाकता टाकता मला चालू केलं. त्यांची पाठ घराकडे होती, म्हणून त्यांचा हात कुणाला दिसला नाही. आणि त्याच वेळी मागून आवाज आला. खाली मान घालून, उंबऱ्याशी बोलावं तसा.

"अवो, आयकलं का? दुपारी लवकर या. शेवभाजी करते."

मित्रांनो, मी ते पोचवलं. शब्द न् शब्द.

आबा फाटकाशी थांबले. नखाने माझं चाक फिरवलं. दोन, तीन, चार. ते थांबून राहिले, पुन्हा एकदा ऐकू येतं का म्हणून. पण यशोदाबाई आत गेल्या होत्या. त्यांना वाटलं, मशीन बंद असणार, पाठमोऱ्या माणसाला दुसऱ्यांदा काय सांगायचं? आणि आबाही वळले नाहीत. मिशीतल्या मिशीत हसले असावेत, कारण गाल वर सरकला आणि साचा कानात हलला. एवढा हट्टी माणूस. दुपारी जेवायला बसू तेव्हा बोलू, असं ठरवून गेला असेल.

दुपार झालीच नाही.

मळ्यात केळीच्या पानांचा आवाज माझ्यातून ताडपत्र्या फडफडाव्या तसा जात होता, तरी आबांनी चाक खाली केलं नाही. पाण्याच्या चारीशेजारी ते बसले. छातीवर हात गेला. मग मला त्यांचा श्वास ऐकू आला, आणि मग ऐकू आला नाही. पानं मात्र फडफडत राहिली. मी ती आत सोडत राहिले. आत कुणी नव्हतं.

शेजारच्या मळ्यातला जीवराम धावत आला. त्यानेच मला कानातून काढलं, रुमालात बांधलं आणि घरी आल्यावर स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात ठेवलं. मी चालूच होते, चाक चारवर. रुमालात माझी शिट्टी सुरू झाली. घर रडण्याने भरलं होतं, त्यात ती कुणाला ऐकू जाणार? पुढे घर रिकामं झाल्यावर एका म्हातारीने कान टवकारले. "कोनाड्यात रातकिडा शिरला वाटतं," म्हणाली आणि केरसुणी फिरवून गेली. मी शिट्टी वाजवत होते, बाई गं, मी चालू आहे, मी चालू आहे. सेल संपेपर्यंत वाजवत होते. मग सेल मेला आणि मीही गप्प झाले.

दहाव्याला आबांच्या अंगावरच्या वस्तू देऊन टाकल्या. उपरणं, चपला, काठी. यशोदाबाईंनी मला मात्र कंबरेच्या पिशवीत लपवलं. रुमाल सोडला, मला कानाशी नेलं. आवाज नाही. त्यांनी मान हलवली. त्यांना वाटलं, बंदच आहे. आबा मला बंद करूनच गेले. मोहरीएवढं बटण त्यांच्या नजरेला कुठलं दिसणार! आणि दिसलं असतं तरी त्यांनी हात लावला नसता. आबांच्या हाताने झालेली ती शेवटची गोष्ट, ती कशी मोडायची?

तेव्हापासून रोज दुपारी यशोदाबाई मला कानात घालू लागल्या. साचा आबांचा, कान त्यांचा. तो टोचायचा, कान लाल व्हायचा, पण त्या काढत नसत. पुढे पुढे दिवसभर घालू लागल्या. जेवताना हळूच म्हणायच्या, "आयकलं व्हतं का?" माझा सेल मेलेला होता, पण माणूस बोलला की त्याचा जबडा हलतो, आणि ते हलणं साच्याला कळतं. "आयकलं व्हतं का वो?" रोज तोच प्रश्न, आणि तो नेमका मलाच. उत्तर माझ्याकडे होतं. तोंड नव्हतं.

गल्लीला वाटलं, नवऱ्यामागे बाईही बहिरी झाली. हाक मारली तरी वळत नाही, समोर बसली तरी भलतीकडेच कान. शेजारच्या सुनंदाबाई, यशोदाबाईंची लहानपणापासूनची मैत्रीण, आवाजाने तालुक्यात प्रसिद्ध. त्यांनी तर ओरडून ओरडून घसा बसवून घेतला.

"मेल्या माणसाची मशीन कानात घालू नई वं यशोदे," त्या म्हणायच्या. "तिकडचं आयकू येते!"

यशोदाबाई मान खाली घालून म्हणायच्या, "तेच तं येत नई."

आणि मग तो ऑर्केस्ट्रा आला. सुनंदाबाईंची सून मोहिनी. तिचा भाऊ ललित जळगावला कॉलेजात. त्याने तीन पास पाठवले आणि निरोप दिला, मोठा ऑर्केस्ट्रा आहे, दुपारचा आहे, आई-मावशांना घेऊन ये. आता आमच्या खान्देशात ऑर्केस्ट्रा म्हणजे काय, हे काय सांगायला पाहिजे? गणपतीत, जत्रेत स्टेजवर लाल-निळे दिवे, सिनेमाची गाणी, मध्येच एक विनोदी माणूस. सुनंदाबाईंनी जरीचं लुगडं काढलं, पिशवीत शेव-मुरमुरे घेतले आणि यशोदाबाईंच्या दारात उभ्या राहिल्या.

"चाल. सालभर घरात बसून भुतासारखी झाली. गाणे आयकू."

एसटीने तापी ओलांडून तिघी जळगावला उतरल्या. वाटेत सुनंदाबाईंनी रिक्षा थांबवली आणि एका दुकानातून माझ्यासारखीच्या सेलची पट्टी घेतली. पदराआड लपवली. मैत्रिणीला गाणी ऐकू आली पाहिजेत, एवढाच त्यांचा हेतू.

सभागृहात थंडगार हवा होती. पडदा वर गेला आणि सुनंदाबाईंचं तोंड उघडं राहिलं. लाल-निळे दिवे नाहीत, गाणारी बाई नाही. काळ्या कपड्यांतली पन्नास-साठ माणसं खुर्च्यांवर बसलेली, बहुतेकांच्या हनुवटीखाली व्हायोलिनं. सगळ्यांनी मिळून एक लांब सूर काढला, थांबले. सुनंदाबाईंनी जोरात टाळ्या वाजवल्या. त्यांच्या टाळ्या ऐकून मागच्या रांगेतल्या दोघाचौघांनीही वाजवल्या.

"आई, ते वाद्यं लावताहेत," मोहिनी कुजबुजली. "अजून सुरू नाही झालं."

"लावून आनता येत नई का घरून?"

मग एक माणूस आला, लोकांना वाकून नमस्कार केला आणि सगळ्यांकडे पाठ करून उभा राहिला.

"हा बुवा तिकडे तोंड करून काहून उभा? लाजते का?"

"तो वाजवणाऱ्यांना खुणा करतो. हे शास्त्रीय संगीत आहे आई, विलायती. गाणी नसतात यात."

"गानेच नई? मंग ऑर्केस्ट्रा काहून म्हनते तुहा भाऊ!" सुनंदाबाई म्हणाल्या आणि मुरमुऱ्यांची पिशवी उघडायला लागल्या. मोहिनीने त्यांचा हात धरला.

यशोदाबाई या सगळ्यात कुठे नव्हत्या. मला कानात घालून त्या स्टेजकडे बघत होत्या, आणि बघत नव्हत्या. वाद्यं दणाणली तेव्हा साचा थरथरला, एवढंच मला कळलं. मग ती थरथर विरत गेली. वाजवणाऱ्यांनी हात हळू केले. मोहिनी नंतर सांगत होती, की इतकं हळू वाजत होतं, की खुर्ची करकरली तरी लोक वळून बघायचे. एकच व्हायोलिन, आणि बाकी सगळे श्वास धरून.

सुनंदाबाईंनी मैत्रिणीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. काही ऐकू आल्याची खूण नाही. त्यांनी मनाशी म्हटलं असेल, हीच वेळ. हात लांब करून त्यांनी मला यशोदाबाईंच्या कानातून अलगद उपसलं. दुकानदाराने दाखवलं होतं तसं झाकण उघडलं, मेलेला सेल पाडला, त्याची पांढरी भुकटी पदराने पुसली, नवा सेल बसवला आणि झाकण लावलं.

मित्रांनो, मला जाग आली.

आणि मी मुठीत होते. चाक चारवर होतं.

शिट्टी अशी निघाली, की व्हायोलिन एकीकडे आणि मी एकीकडे. बारीक, टोकदार, थांबता न थांबणारी. पुढच्या चार रांगा वळल्या. कुणी "शूऽऽ" केलं, कुणी "मोबाइल बंद करा" म्हणालं. सुनंदाबाईंनी घाबरून मूठ आणखी घट्ट आवळली. मुठीत आवळलं, की मी आणखी जोरात वाजते.

"बंद कर वं माय! कुठी असते याचं बटन?"

मोहिनीने मला हिसकावून घेतलं, मोबाइलच्या उजेडात डोळे बारीक करून पाहिलं. "आई, तुम्ही आवाज केवढा मोठा करून ठेवलाय! चारवर आहे."

"म्या काई केलं नई. फकस्त सेल टाकला."

"बटणही चालूच आहे."

"आता हात नई लावला म्हनते नं!"

मोहिनीने चाक मागे ओढून पाहिलं. हलेना. नख मोडलं. शेवटी तिने केसातली पिन काढली, चाकाच्या खाचेत घातली, तरी ते जेमतेम केसाएवढं सरकलं. "केवढं जाम आहे हे! हे कुणी फिरवलं असेल, तर जोर लावूनच फिरवलंय." तिने बटण सरकवलं आणि मी गप्प झाले. सेल मेला तेव्हापासूनचं बोलणं आणि आता यापुढचं मला मोहिनीच्या आणि सुनंदाबाईंच्या तोंडून कळलं आहे. यावलला पुढे महिनाभर त्यांना दुसरा विषय नव्हता.

यशोदाबाईंनी मोहिनीचं मनगट धरलं. "काय म्हनाली तू? चालू व्हतं?"

"हो मावशी."

"तू केलं?"

"नाही हो. आधीपासूनच होतं."

"आन् चारवर?"

"चारवर. शेवटचा आकडा."

शेजारची माणसं आता उघड चिडली होती. तिघी उठल्या, वाकत वाकत बाहेर आल्या. दार मागे बंद झालं. यशोदाबाई पायऱ्यांवर बसल्या. दुपारचं ऊन पायऱ्यांवर होतं. त्यांनी मला दोन्ही हातांत धरलं होतं.

"जीवरामनं तं फिरवलं नसंल?" त्यांनी विचारलं. मोहिनीला नव्हे, स्वतःलाच. मग अंगठ्याने चाक हलवून पाहिलं. पुन्हा पाहिलं. "जीवरामच्या हातानं नई हालत हे. कोनाच्याच नई हालत." त्यांनी मान वर केली. "आयकलं व्हतं त्यांनी."

"काय आयकलं?" सुनंदाबाईंनी नेहमीसारखं ओरडून विचारलं.

"मी बोलली व्हती. त्या दिशी. शेवभाजी करते म्हनून. मले वाटलं, मशीन बंद करून गेले. रागातच गेले." पदर तोंडाशी गेला. "चारवर नेली व्हती वं. माह्यासाठी."

सुनंदाबाई यशोदाबाईंच्या पाठीवर हात फिरवत राहिल्या. आणि मग तो हात एकदम थांबला.

"यशोदे. मी आता काय इचारलं?"

"काय आयकलं, असं."

"आन् मशीन तं तुह्या हातात हाये. बंद." सुनंदाबाई उभ्या राहिल्या. "म्हंजे तुले आयकू येते! सालभर येते! आन् मी बोंबलू बोंबलू नरडं फोडून राहिली! तुले एकदा सांगता आलं नई?"

"तू इचारलं कवा? तू तं नुसती ओरडत व्हती."

मोहिनी सांगते, की त्या दोघी पायऱ्यांवर बसून रडत होत्या की हसत होत्या, हे तिला अजून कळलेलं नाही. दारावरचा माणूस दोनदा येऊन बघून गेला. टाळ्यांचा आवाज आला, मधली सुट्टी झाली असावी. मोहिनी म्हणाली, "आता घरी जायचं का? गाणी तर नाहीतच."

यशोदाबाईंनी कान चोळला. वर्षभराच्या साच्याने तो आतून सोलवटला होता, वारा लागला तरी झोंबत होता. मला त्यांनी रुमालात नाही बांधलं. मोहिनीकडून तो नवा सेल काढून घेतला, मला कोरडं पुसलं आणि पिशवीत ठेवलं.

"चाला, आत जाऊ," त्या म्हणाल्या. "काय वाजवत व्हते, म्या आयकलंच नई."

पुढे सभागृहात काय वाजलं, ते मी तुम्हाला सांगू शकत नाही, मित्रांनो. मी पिशवीत होते, सेलशिवाय. एवढं कळलं, की शेवटी सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवणाऱ्या सुनंदाबाई नव्हत्या, यशोदाबाई होत्या.

आता मी यावलच्या घरी एका डबीत असते. सेल वेगळा, मी वेगळी. सेल आत राहिला तर पाझरतो आणि माझं पोट खराब करतो. तुमच्या घरी माझी कुणी बहीण असेल तर एवढं लक्षात ठेवा. घामाने ओली झाली तर पुसा, चीक-माती लागू देऊ नका. ज्याच्या कानात ती आहे त्याच्याशी मागून बोलू नका. समोर या, तोंड दिसू द्या, हळू बोला. आणि आपल्या माणसाशी अबोला धरलाच, तर तो मोडताना मान खाली घालून उंबऱ्याशी बोलू नका. त्याने वळून पाहिलं नाही, तर फाटकापर्यंत जा. त्याच्या पुढ्यात उभे राहा. दुसऱ्यांदा सांगा.

आबा फाटकाशी थांबले होते. दुसऱ्यांदा ऐकायला.